डाव्या बाजूचं हसू

माझा राग नाकावर असतो. आमच्या आष्ट्यात कुणालाही विचारा, सांगतील. दुसरी खोड चौकशांची. शेजारी कुणी दाराचं कुलूप बदललं तरी ते का बदललं हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. घराला लागूनच आमची पिठाची गिरण आहे आणि ती मीच चालवते. गिरणीच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय लागली, त्यामुळं मी साधं ‘कशा आहात’ विचारलं तरी समोरच्या बाईला वाटतं, हिनं भांडण काढलं. आमचे हे फौजेत, कायम कुठंतरी लांब. मुलगा वसतिगृहात. घरी मी आणि सासूबाई, दोघीच. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, तर त्या आत्या.

अशी बाई सौंदर्यस्पर्धेत कशाला गेली, असं मला निदान निम्म्या आष्ट्यानं विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर जरा लांबचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. आधी मी तांब्यालाच दोष दिला. मग आरशात बघितलं तर डावा डोळा मिटेना, डावा गाल खाली आलेला. आत्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, तोंडावरनं वारं गेलं की गं!” हातातलं काम टाकून त्या मला सांगलीला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, चेहऱ्याची नस सुजलीय, येईल जागेवर. औषधं झाली, मग व्यायाम सुरू झाले. फुगे फुगवायचे, गालात हवा धरून ठेवायची आणि शीळ घालायची. मी अंगणात बसून शीळ घालायला बघायचे आणि तोंडातून नुसती फुस्स करून हवा जायची. आत्या समोर शेंगा फोडत बसायच्या. म्हणायच्या, “घाल, घाल. आमच्या घराण्यात शीळ घालनारी पयलीच सून.” मग दोघी पोट धरून हसायचो.

हळूहळू डोळा मिटायला लागला, पाणी गळायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही तेच म्हणाले.

मग नात्यात एक लग्न निघालं. हल्ली कार्यालयात मोठा पडदा लावतात आणि कॅमेरेवाला पाहुण्यांचे चेहरे त्यावर दाखवत बसतो. कुणीतरी काहीतरी गंमत केली, मी खळखळून हसले आणि नेमका तेव्हाच कॅमेरा माझ्याकडं वळला. केवढा तो पडदा! आणि त्यावर मी. उजवी बाजू मस्त हसतेय आणि डावी बाजू तशीच बसलीय, तिला विनोद कळलाच नाही अशी. पुढच्या रांगेतली दोन पोरं पडद्याकडं बोट दाखवून तोंड वाकडं करून हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण भांडणार कुणाशी? पडद्याशी?

त्या दिवसापासून हसू आलं की माझा पदर तोंडाला जायला लागला. मी ठरवून केलं नाही, हातच शिकला. गिरणीत तर पिठामुळं नाका-तोंडाला पदर बांधावाच लागतो, त्यामुळं दिवसभराचं काम भागायचं. बाहेर पडले की पदर, बायकांत बसले की पदर. आणि गंमत अशी की लोक माझं कौतुक करायला लागले. दळणाला आलेल्या म्हाताऱ्या आत्यांना सांगायच्या, “काय मर्यादा हाय बाई पोरीला. आजकाल कोन पदर घेतंय हसताना?” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मर्यादेची सून म्हणत होतं. आत्या मात्र त्यावर काही बोलायच्या नाहीत. दळणाचा डबा उचलायच्या आणि आत जायच्या.

मला चौकशीची खोड, ती मी स्वतःच्या तोंडालाही सोडली नाही. दार लावून आरशासमोर बसायचे आणि प्रयोग करायचे. सकाळी बघायचे, दमल्यावर बघायचे, कुणाशी तरी भांडून आल्यावर तर मुद्दाम बघायचे. त्यातून एक कळलं. राग आला, धसका बसला, की डावी बाजू मागं राहते. मन निवांत असलं की ती उशिरा का होईना, उजवीच्या मागोमाग येते. मला त्याचं लय नवल वाटायचं. आपलं तोंड आणि त्यालाच आपल्या स्वभावाची चाचणी घ्यायची हौस! पण हे सगळं बंद खोलीत. चार माणसांत पदर सोडून हसायची हिंमत काही होईना.

तेवढ्यात बचत गटाच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. साताऱ्यात लग्न झालेल्या बायकांची सौंदर्यस्पर्धा. वजनाची, उंचीची अट नाही. बाकीच्या जणी त्याखाली हसण्याच्या बाहुल्या टाकत होत्या आणि मी विचार करत बसले. गावात लोक माझ्या तोंडाकडं चोरून बघतात. तिथं तर लोक तोंड बघायलाच येणार. उजेड टाकून, समोर बसून. तिथं जर मी पदर न घेता हसू शकले तर मग आष्ट्याचा बाजार म्हणजे काय मोठा? मला मुकुट नको होता. मला माझं हसू चारचौघांत परत पाहिजे होतं, बस्स. आणि नाही जमलं तर पदर आहेच, जन्मभराचा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. यांना फोनवर एवढंच म्हटलं की गंमत म्हणून जातेय. हे म्हणाले, “जा. फक्त परीक्षकांशी भांडू नकोस.” आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, “जा की. तेवढंच तुला बरं वाटंल. पन मी बी येनार हाय.”

पेठ नाक्याला गाडी बदलून आम्ही सकाळीच साताऱ्यात उतरलो. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आम्हा स्पर्धकांना तयार व्हायला जी खोली दिली होती तिच्या दारावर ‘वधूपक्ष’ अशी पाटी. आत चाळिशीच्या आसपासच्या कितीतरी वधू एकमेकींच्या पाठीला पिना लावत होत्या. मला आवडलं ते. आत्या हॉलमध्ये पार मागच्या रांगेत जाऊन बसल्या, पुढं पंख्याचा वारा लागतो म्हणाल्या.

शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. चालायचं कसं, वळायचं कसं, हात कुठं ठेवायचे. दातांना थोडं व्हॅसलीन चोपडा म्हणाल्या, म्हणजे ओठ दातांना चिकटत नाहीत आणि हसू टिकतं. हे ज्ञान मला नवीन होतं. हसू टिकवायला व्हॅसलीन! आणि दर पाच मिनिटांनी त्यांचं एकच, “आनंदी राहा, शांत राहा.” आता मला कुणी शांत राहा म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आणि शांत राहा म्हणजे नक्की करायचं काय, ते या सांगायच्या नाहीत. म्हणून मी माझ्या पद्धतीनं चौकशीला लागले.

माझ्या शेजारी खंडाळ्याची एक बाई होती. कारखान्यात पॅकिंगला कामाला. सडपातळ, सावळी, आणि इतकी निवांत की मला तिचा हेवा वाटला. मी विचारलं, “काय हो, तुमच्या पोटात गोळा येत नाही का?”

“येतो की,” ती म्हणाली. “मग मी मनात पॅकिंग करते. खोका उघडायचा, भरायचा, चिकटपट्टी मारायची, सरकवायचा. दुसरा घ्यायचा. आमच्या लाइनवर उभं राहिलं की दुसरं काही सुचतच नाही बघा.”

मी लगेच मनात गिरण लावून बघितली. गहू ओतले, जातं सुरू केलं, आणि मनातल्या मनात पट्टा तुटला. त्यात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. गिरण माझ्या कामाची नव्हती.

खिडकीशी साताऱ्यातलीच एक जण होती. त्यांच्या घरात सासऱ्यापासून सगळे शिवणकाम करणारे. ती स्वतः स्पर्धक, पण स्वतःचं आवरायचं सोडून बाकीच्यांच्या नऊवारीचे काठ टाचत फिरत होती. तोंडात टाचण्या धरूनच बोलायची. मी विचारलं, “अहो, तुम्ही कधी तयार होणार?”

“हात रिकामे राहिले ना ताई, की जीव घाबरतो,” ती म्हणाली. “ईदच्या आदल्या दिवशी दुकानात एवढी गर्दी, तिथं मी घाबरत नाही. इथं नुसतं बसायचं म्हटलं की छातीत धडधडतं. इकडं या, तुमचा काष्टा ढिला आहे.”

काष्टा आवळून ती माझा पदर टाचत होती आणि मी तिला विचारत होते, टाचणी कधी गिळली का, ईदला सगळ्यात शेवटी कुणाचे कपडे होतात, घरच्यांनी स्पर्धेला कसं सोडलं. तिनं सगळं सांगितलं. सगळ्यात शेवटी स्वतःचेच कपडे होतात म्हणाली.

तेवढ्यात मॅडमनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीचं हसू तपासायला लागल्या. माझ्यासमोर थांबल्या. “हसा. अजून. डावीकडून थोडं अजून. डावीकडून, ताई! डावीकडून काय होतंय?” सगळ्या ओळीनं माना वळवल्या. झालं. मला कानशिलं तापलेली कळली. “माझं डावीकडचं आज सुट्टीवर आहे,” मी म्हणाले, आणि ते इतक्या जोरात निघालं की बाहेर खुर्च्या लावणारे बघायला आले. मॅडम गडबडून पुढं सरकल्या. मी तडक न्हाणीत गेले आणि आरशात बघितलं. डावी बाजू पार रुसलेली.

मागून ती शिवणकामवाली आली. दारात उभी राहून म्हणाली, “एक विचारू? मघाशी तुम्ही मला एवढं विचारत होता, मध्येच हसत होता, तेव्हा तर पदर खालीच होता तुमचा.”

“होता?”

“हो की. माझ्या हातात होता. मी टाचत होते ना.”

मी आरशाकडं बघतच राहिले. म्हणजे मी एका अनोळखी बाईसमोर, भर उजेडात, पदर न घेता हसले होते आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या चौकशीत गुंतले की माझं तोंड माझ्या डोक्यातून जातं. माझ्या ज्या खोडीला उभं गाव नावं ठेवतं, तीच माझी शांत राहायची रीत निघाली. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथंच अजून चार प्रश्न विचारले.

दुपारी नऊवारीची फेरी झाली. हॉल भरलेला. पुढं पांढऱ्या टेबलामागं तीन परीक्षक. मी चालायला लागले आणि समोरच्यांकडं बघत मनात विचारत राहिले, हा गृहस्थ बायकोबरोबर आलाय की बायको स्टेजवर आहे, त्या मुलीनं दोन पायांत दोन वेगळ्या चपला का घातल्यात. छान चाललं होतं. टोकाला पोचले तर सूत्रसंचालक माइकवरून म्हणाला, “आष्ट्याच्या ताई गिरण चालवतात म्हणे. आमच्याकडं सकाळी टाकलेलं दळण संध्याकाळपर्यंत मिळत नाही, तुमच्याकडं लगेच मिळतं का?” मी म्हणाले, “भांडून घेतलं तर मिळतं.” हॉल हसला. मलाही हसू फुटलं, आणि हात आपोआप वर गेला. पदर तोंडाला.

आणि टाळ्या! शिट्ट्या! सूत्रसंचालक ओरडला, “वा! याला म्हणतात अस्सल मराठमोळी अदा!” एक परीक्षक बाई पुढं वाकून कौतुकानं बघत होत्या. आत आले तर सकाळच्या त्याच मॅडम धावत आल्या. “कुठून शिकलात हो हे? काय सुंदर! शेवटच्या फेरीत परत करा. तेच तुमचं वैशिष्ट्य.” पाच जणी निवडल्या, त्यात मी होते. खंडाळ्याची होती. शिवणकामवाली नव्हती, पण ती माझा काष्टा पुन्हा नीट करायला हजर.

मी खुर्चीत बसले आणि मला रडावं की मारामारी करावी कळेना. जे टाकायला मी एवढ्या लांब आले होते, त्यालाच लोक टाळ्या देत होते. वर परत करा म्हणत होते. नुसता हात वर न्यायचा, कदाचित मुकुट माझा. आणि मग काय, मुकुट घालून मी आष्ट्याला जाणार आणि जन्मभर पदराआड हसणार. आता तर मला तो पदर सोडायचीही सोय राहणार नाही.

शेवटची फेरी प्रश्नांची. त्या परीक्षक बाईंनीच मला विचारलं. आवाज गोड होता, मनानं चांगल्या असाव्यात. म्हणाल्या, “तुमच्या हसण्यात किती मर्यादा आहे. आजच्या मुलींना या मर्यादेबद्दल तुम्ही काय सांगाल?”

माइक हातात. पाठ करून ठेवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, “मर्यादा नाही हो ती. माझ्या तोंडावरून वारं गेलं होतं. हसले की डावी बाजू वाकडी दिसते, म्हणून झाकते.”

 परीक्षक बाई पुढ्यातले कागद उगाच चाळायला लागल्या.  आता काय होतंय म्हणून मी इकडंतिकडं बघितलं तर सूत्रसंचालक शेजारी आ वासून उभा. अगदी तोंड उघडं, खालचा ओठ एका बाजूला लोंबलेला, माइक पोटाशी. माझ्या तोंडून निघून गेलं, “आवं, मला झालं ते ठीक, तुमचं का वाकडं झालं?”

सगळा हॉल फुटला. तो बिचारा पटकन तोंड मिटायला गेला आणि जीभ चावून बसला. आणि मग मला आवरेना. हसले, पोटातून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एका हातात माइक होता. दुसरा हात वर निघाला होता, तो मी कमरेवर ठेवला, घट्ट. डावी बाजू आली की नाही मला माहीत नाही. बघायला आरसा नव्हता आणि पडदाही नव्हता.

मुकुट खंडाळ्याच्या बाईला मिळाला. डोक्यावर ठेवताना तो घसरला तर तिनं एका हातानं असा पकडला, जसा लाइनवरचा खोका. आम्हा बाकीच्यांना एकेक फुलांचा गुच्छ. शिवणकामवालीनं मला मिठी मारली आणि टाचण्या मात्र मोजून परत घेतल्या.

रिक्षात आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, चिडल्या. घरातलं दुखणं मी परक्यांत माइकवरून सांगितलं होतं. स्टँडवर बाकड्यावर बसलो. उन्हं उतरली होती, गाडीला वेळ होता. माझा धीर सुटला. म्हणाले, “आत्या, राग आला का?”

“कशाचा?”

“चारचौघांत बोलले त्याचा.”

त्या समोरच्या रिकाम्या फलाटाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे तू तोंडामुळं हसत न्हवतीस व्हय?”

“मग? आणखी कशामुळं?”

“त्या लग्नात पंगतीत मी तुला वरडले हुते. सगळ्या पावन्यांदेखत. ‘नीट वाढ की, डोळं फुटलं का’ म्हनले. तुजा डोळा नुकता कुठं बरा झालेला, आन मी असं बोलले. त्या दिसापास्नं तुजं हसनं बंद झालं. अंगनात बसायचीस, ती बी बसंनास. मी म्हनलं, पोरीच्या मनाला लागलं. आता हिला आपल्यात करमत न्हाई.”

मला ते बोलणं आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. पंगतीत कोण कुणाला ओरडत नाही?

“पोराला बी फोनवर सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तिला तिकडं फौजेतल्या क्वार्टरला घिऊन जा, मी ऱ्हाईन एकटी. त्यो म्हनला, जागा मिळाली की बघतो.”

“अहो, मग मला विचारायचं की!”

“तुला विचारायची छाती हाय व्हय कुनाची?” त्या पटकन म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “आन पदराआड तू हसतीस का रडतीस, ते कुनाला कळतंय?”

 आत्या बाकड्यावर सरकून माझ्याकडं तोंड करून बसल्या.

“मी पार मागं बसलेली. फुडं येका बाईचा एवढा अंबाडा. सगळी हसत हुती, मला नीट दिसलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता हस बघू येकदा.”

भर स्टँडवर मला रडू कोसळलं, आणि आत्या माझं तोंड दोन्ही हातांत धरून वाट बघत बसल्या.